थाळनेर

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील, तापी नदीच्या उत्तर काठावर वसलेले ऐतिहासिक गाव. खानदेशच्या फारूकी घराण्याची ही पहिली राजधानी. किल्ला, फारूकी सुलतानांचे मकबरे आणि १८१८ साली इंग्रजांनी येथे केलेली कत्तल यांमुळे इतिहासाच्या पुस्तकांत गावाचे नाव येते. गावाला मात्र ओळख दिली ती नदीने आणि नदीच्या उताराने, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाता येईल अशा जागेने.

थाळेश्वर महादेवावरून गावाचे नाव पडले असे सांगतात. ‘नेर’ हे ‘नगर’ या शब्दाचे झिजलेले रूप मानले जाते. अमळनेर, जामनेर, पिंपळनेर ही खानदेशातली नावे त्याच घडणीची. अहिराणीत ‘ळ’ सहसा टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो, तसे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी थाळनेरचे ‘थायनेर’ होते.

मध्य प्रदेशातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किमी. वाहत जाऊन सुरतेपुढे समुद्राला मिळते. खानदेशात तिचे पात्र खोल आहे. दोन्ही काठांना गाळाच्या मातीच्या उंच दरडी आहेत आणि पावसाच्या पाण्याने त्या दरडींत घळी कापल्या आहेत. त्यामुळे मनात आले तिथे गाडी पाण्यात घालावी, अशी ही नदी नाही. जिथे दरड खाली येते आणि तळ पक्का लागतो, तिथेच उतार. अशा उताराशी वस्ती होते, वस्तीशी जकात येते आणि जकात आली की किल्ला. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सुरत–बुऱ्हाणपूर रस्त्याचे मुक्काम नोंदवले आहेत. त्यांत नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा असा क्रम लागतो. शिंदखेडा तापीच्या दक्षिणेला आणि चोपडा उत्तरेला, म्हणजे काफिले नदी ओलांडत ती थाळनेरला.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. खाली सुरतेला जहाजे बांधली जात, गोदीत शिडाची गलबते उभी राहत. तेव्हा वर खानदेशातही माल नावांनी जात असेल असे वाटते. तसे नव्हते. खानदेशातून गुजरातेत उतरताना तापी डोंगरांतून आणि खडकांतून वाट काढते, तिथून भरलेली नाव नेता येत नाही. कापड, नीळ, अफू सारे बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून नदीला समांतर चालत गेले. नावेचे काम एवढेच, की या तीरावरचे त्या तीराला नेऊन सोडायचे. उन्हाळ्यात गाड्या उतारातून पाणी कापीत जात. आषाढात पूर आला की ‘तर’, म्हणजे नावेने पार नेण्याची सोय, सुरू होई. तरीची नाव बसक्या बुडाची, रुंद आणि गलबताच्या मानाने अगदी ओबडधोबड. उथळ पाण्यात ती वल्ह्यापेक्षा लांब बांबूने रेटली जाते. भर पुरात नावाडी सरळ समोर जात नाही. काठाकाठाने बरेच वर चढून मग नाव धारेत सोडतो आणि धारेच्याच जोराने तिरपा वाहत समोरच्या घाटाला लागतो. कुठून सोडली म्हणजे कुठे लागेल, हा हिशेब ज्याचा चुकत नाही तो नावाडी.

हे काम भोई आणि कोळी समाजांचे. भोयांकडे पालखी वाहणे, तर चालवणे आणि मासेमारी असे तिन्ही उद्योग असत. पालखी गेली, पूल झाल्यावर तर गेली, मासे उरले. मरळ आणि वाम हे नदीचे जुने मासे. रोहू, कटला हे बीज सोडून वाढवलेले. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या वाळूत खड्डे करून, शेणखत घालून टरबूज, डांगर आणि काकड्यांच्या वाड्या लावायच्या, हा नदीकाठच्या लोकांचा दुसरा हंगाम. तापीवर आता हतनूर धरण आहे आणि सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशे येथे बॅरेज झाले आहेत. बॅरेजच्या मागे पाणी उन्हाळ्यातही लांबवर तुंबून राहते. त्याचा मासेमारीला उपयोग झाला, पण वाळूतल्या वाड्या बुडाल्या.

थाळनेरचा राजकीय इतिहास १३७० पासून नीट हाती लागतो. त्या वर्षी दिल्लीच्या फिरोझशाह तुघलकाने मलिक राजा फारूकी याला थाळनेर आणि करवंद (हेही आजच्या शिरपूर तालुक्यातच) जहागीर दिले. दिल्लीची पकड ढिली झाली तसा मलिक राजा स्वतंत्र झाला. १३९९ मध्ये तो वारला आणि मुलांत वाटणी झाली. थोरला नसीर खान पूर्वेकडे सरकला. त्याने आसा अहिराकडून असीरगड घेतला आणि तापीकाठीच बुऱ्हाणपूर वसवले. नसीरला गुजरातच्या सुलतानाकडून ‘खान’ हा किताब मिळाला, आणि त्यावरून ‘खानांचा देश’ तो खानदेश, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. नाव त्याहून जुने मानणारेही आहेत. धाकट्या इफ्तिखारच्या वाट्याला थाळनेर आले होते. १४१७ मध्ये नसीरने माळव्याच्या मदतीने तेही घेतले आणि इफ्तिखार गुजरातेत निघून गेला. पुढे १५०९ च्या सुमारास फारूकींच्या वारसाच्या भांडणात गुजरातचा महमूद बेगडा फौज घेऊन थाळनेरपर्यंत आला होता. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारूकी राज्य संपले.

राजधानी बुऱ्हाणपूरला गेली तरी घराण्याचे कबरस्तान हलले नाही, ही मला या गावाच्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. मलिक राजा (१३९९), नसीर खान (१४३७), मीरान आदिल खान (१४४१) आणि मीरान मुबारक खान (१४५७) या पहिल्या चारही शासकांचे दफन थाळनेरलाच झाले. तख्तावर बसायचे बुऱ्हाणपूरला आणि मातीत यायचे बापाशेजारी. मुबारकचा वारस आदिल खान दुसरा मात्र बुऱ्हाणपूरलाच पुरला गेला. तिथून ही रीत मोडली.

हे मकबरे, म्हणजेच हजिरे, गावात आजही उभे आहेत. बहुतेक चौरस तळाचे आणि वर घुमट असलेले. त्यांतला एक अष्टकोनी मकबरा नक्षीमुळे वेगळा उठून दिसतो. माळव्याची राजधानी असलेल्या मांडूच्या इमारतींशी या बांधणीचे नाते आहे, आणि माळव्याशी असलेले सोयरसंबंध पाहता त्यात नवल नाही. बुऱ्हाणपूरच्या भव्य इमारती पाहून इथे आलेल्याला हे काम लहान वाटेल. पण फारूकींची सुरुवात कशी साधी होती ते इथेच दिसते.

किल्ल्याचे वर्णन इंग्रज लष्करी टिपणांत चांगले आले आहे. एक बाजू थेट तापीच्या पात्रातून वर चढलेली. उरलेल्या बाजूंना शे-दीडशे यार्ड रुंदीचा खोलगट भाग आणि त्यातून सुमारे ६० फूट उठलेला तट. आतली जमीन तटाच्या उंचीचीच, म्हणजे किल्ला कसला, दगडाने मढवलेली प्रचंड गढीच. जमिनीकडून येण्याची वाट पूर्वेला, आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे, मध्ये वळणावळणाच्या भिंती. आज तटाचा बराच भाग ढासळला आहे. नदीकडच्या अंगाने वर पाहिले की त्या जागेची निवड लगेच कळते: उतारावर येणारी प्रत्येक गाडी तटावरच्या बंदुकीच्या टप्प्यात.

१८१८ मध्ये नेमके तेच घडले. महिदपूरच्या लढाईत (२१ डिसेंबर १८१७) होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारीतल्या मंदसोरच्या तहाने खानदेशातले किल्ले इंग्रजांना द्यायचे ठरले. सर थॉमस हिस्लॉपची फौज सेंधव्याच्या घाटाने उतरली. सेंधवा विनातक्रार हाती आला. २७ फेब्रुवारीला फौज थाळनेरशी पोहोचली तेव्हा मात्र किल्ल्यावरून तिच्या सामानावर गोळ्या सुटल्या. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला द्यायला नकार दिला होता. तोफा लागल्यावर बाहेरचे दरवाजे गेले आणि किल्लेदार काही माणसांसह खिडकीदरवाजातून बाहेर येऊन स्वाधीन झाला. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मूठभर शिपायांनिशी शेवटच्या दरवाजाच्या आत शिरले. तिथे भाषेचा गोंधळ झाला, की शिबंदीला किल्लेदाराचा करार मान्यच नव्हता, यावर तेव्हापासून वाद आहे. झटापट झाली आणि दोन्ही अधिकारी मारले गेले. मग इंग्रज फौज आत घुसली आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढली. आधीच शरण आलेल्या किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले.

ही फाशी इंग्लंडातही पचली नाही. मार्च १८१९ मध्ये पार्लमेंटने या मोहिमेबद्दल फौजेचे आभार मानले, तेव्हा थाळनेरच्या प्रकाराला आपली संमती समजू नये, असे हिस्लॉपच्या बाबतीत मुद्दाम नमूद करून घेतले. एवढ्या लहान गावाचे नाव पार्लमेंटच्या चर्चेत येण्याचा खानदेशात दुसरा प्रसंग मला आठवत नाही.

त्यानंतर वाटाच बदलल्या. मुंबई–आग्रा रस्त्याने तापी ओलांडली ती पश्चिमेला सावळद्याशी. १९०० च्या आसपास सुरत–भुसावळ लोहमार्ग झाला तो नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर असा नदीच्या दक्षिणेने. दोन्हींनी थाळनेर बाजूला ठेवले. बाजार आणि कचेऱ्या शिरपूरला गेल्या, पुढे सूतगिरण्या आणि महाविद्यालयेही तिकडेच आली. थाळनेरला शेती, थोडी मासेमारी आणि आठवड्याचा बाजार उरला. श्रावणात खानदेशातल्या कानबाई या देवीचे विसर्जन नदीवर होते. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस मानतात.

जुन्या सुरत रस्त्याची एक खूण मात्र वेगळ्याच ठिकाणी सापडते. व्यापाराच्या निमित्ताने या पट्ट्यात गुजराती कुटुंबे स्थिरावली. थाळनेरचे शेठ हरिदास रामदास लाड हे असेच एक सधन व्यापारी आणि जमीनदार. त्यांच्या मुलीचा, नर्मदेचा, विवाह मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्याशी झाला. तिच्या निधनानंतर दीनानाथांनी तिच्या धाकट्या बहिणीशी, शेवंतीशी, लग्न केले. लता मंगेशकर आणि त्यांची भावंडे ही शेवंतीची मुले. म्हणजे थाळनेर हे त्यांचे आजोळ, आणि पावागडचे गरबे लताबाई शिकल्या त्या इथल्या आजीकडून.