कार्ब्युरेटर : उगम, साफसफाई व देखभाल

पेट्रोलचे तुषार करून ते हवेत ठरावीक प्रमाणात मिसळणारे एंजिनाचे उपांग. गॅरेजच्या बोलीत ‘कार्बोरेटर’. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते.

उगम : तुषारपद्धतीच्या कार्ब्युरेटरचे जनकत्व वादग्रस्त आहे. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई. त्यात हलके घटक आधी उडून जात आणि जड गाळ मागे राही. व्हिएन्नाच्या झीगफ्रीड मार्कुसने फिरत्या ब्रशने तुषार उडवले. त्याची गाडी पूर्वी १८७५ ची मानली जाई, आता बहुतेक अभ्यासक ती १८८८-८९ च्या सुमाराची मानतात. बुडापेस्टच्या दोनात बांकी व यानोश चोंका यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, तर विल्हेल्म मायबाखचे फ्रेंच पेटंट त्याच वर्षी काही महिन्यांनी झाले. त्यामुळे अग्रक्रम हंगेरियन जोडीकडे जातो. मात्र मोटारउद्योगात ही रचना रुळली ती प्रामुख्याने मायबाखच्या कामातून. फुलवालीच्या फवाऱ्यावरून बांकी-चोंकांना कल्पना सुचल्याची कथा मागाहून जोडलेली असावी.

कचरा व गोंद : गाडी काही महिने उभी राहिली की फ्लोट चेंबरमधील (तरंगत्या फ्लोटने पातळी राखलेल्या कप्प्यातील) पेट्रोलचे हलके घटक उडतात, उरलेल्यांचे ऑक्सिडीकरण होऊन चिकट गोंद धरतो. जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी भोकाची पितळी तोटी. सर्वांत बारीक भोक स्लो जेटचे (मंद गतीला पेट्रोल देणाऱ्या जेटचे), म्हणून तेच आधी बुजते. अशी गाडी चोक (हवा कमी करणारी झडप) ओढून चालू होते, वेगातही बरी चालते; पण पाय काढला की बंद पडते. वेगात पेट्रोल पुरवणाऱ्या मेन जेटमध्ये कचरा आल्यास उलट घडते : आयडलिंग (एंजिनाचे जागेवर मंद चालणे) ठीक, पण चढावर दम निघतो. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, तेव्हा लक्षणे अशीच दिसतात. पंपावर ओले फडके ठेवून गाडी चालू झाली, तर कार्ब्युरेटर खोलण्याचे कारण नाही.

साफसफाई : बॅटरीची ऋण तार काढतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचते, म्हणून गाडी गॅरेजातील दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेऊन हे काम करू नये. क्लीनर लावण्यापूर्वी फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल येणे थांबवणारी सुईसारखी झडप), डायफ्रॅम (पातळ पडदा) व रबरी ओ-रिंगा काढून घ्याव्यात. जोडलेल्या स्थितीत कॉम्प्रेसरची हवा मारल्यास पोकळ फ्लोट चेपतो. हवा प्रवाहाच्या उलट दिशेने मारतात, म्हणजे अडकलेला कण आला त्या वाटेने बाहेर पडतो.

जेटमध्ये तार घालू नये. सोलेक्स व वेबर जातीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शतांशात सांगतो : १२० म्हणजे १.२० मिमी. पितळ मऊ असल्याने तारेने भोक १.२५ मिमी झाले, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढते. गाडी पेट्रोल जास्त खाते, प्लग काळे पडतात आणि नवे जेट टाकल्याशिवाय उपाय राहत नाही.

पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला असता बुडबुडे आले, तर तो फुटका. डाग दिल्यास (झाळल्यास) त्याचे वजन वाढते, तो खोल तरंगतो, पेट्रोलची पातळी चढते; म्हणून फ्लोट बदलणेच योग्य. नीडलच्या टोकाला झिजेचे गोल वळे उमटले असल्यास ओव्हरफ्लो होतो (पेट्रोल वाहून जाते).

कार्ब्युरेटर बसवताना गॅस्केट (सांध्यातली चकती) नवे घेतात आणि तो धरणारे दोन्ही नट आळीपाळीने आवळतात. एकच बाजू जोराने आवळल्यास फ्लँज (जोडाची चपटी कड) वाकतो व तेथून हवा शिरते. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून सुमारे दीड फेरा उघडतात. एंजिन गरम झाल्यावर सर्वाधिक स्थिर आयडलिंग मिळेल तेथे ठेवतात. स्क्रू जोराने आवळला तर बैठक कायमची बिघडते.

भारतातील स्थिती : प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसिडर व सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या गाड्या. मोटारींतून तो २००० च्या आसपास उत्सर्जन मानकांमुळे हटू लागला. दुचाकींत बीएस-६ ही उत्सर्जन मानके (एप्रिल २०२०) येईपर्यंत टिकला. २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांत मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. इंजेक्शनच्या (पेट्रोल मापून फवारणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत संवेदक ही तूट भरून काढतात, कार्ब्युरेटरला ते शक्य नाही. इथेनॉल ओलावा शोषतो, जुने रबर फुगवतो आणि टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरात आणतो. अशी गाडी महिनाभर उभी ठेवायची असल्यास फ्लोट चेंबर रिकामा करावा.