कॉन्टेसाचा कार्बोरेटर आणि धुराची साक्ष

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, पंपावर आल्यापासून कोकणातल्या गॅरेजांत एक चर्चा ठाण मांडून बसली आहे. जुन्या गाडीतला हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर काढून पेट्रोल दाबाने फवारणारं इंजेक्शन बसवावं का? रत्नागिरीतल्या माझ्या ओळखीच्या एका कॉन्टेसावाल्यांनी तर ते ठरवूनच टाकलंय. त्यांचे मेस्त्री त्यामागचं शास्त्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात: "इंजेक्शन पेट्रोलचं धुकं करतं. बारीक फवारलं की पूर्ण जळतं. मग गाडी कमी खाते."

मेस्त्रींच्या हाताला गुण आहे, पण हे उत्तर अर्धंच आहे. पेट्रोल दाबाने फवारण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९५७ च्या कॉर्व्हेटला यांत्रिक इंजेक्शन मिळत होतं. पुढच्याच वर्षी क्रायस्लरने बेंडिक्स कंपनीचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोजक्या गाड्यांना बसवलं, पण ते इतकं रुसायचं की त्यातल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर लावून द्यावे लागले. त्यानंतर १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ, मस्टँग, कॅमॅरो असा मसल कारचा, म्हणजे दणकट इंजिनाच्या दांडग्या गाड्यांचा, सगळा सुवर्णकाळ कार्बोरेटरवरच गेला. मस्टँगच्या व्ही-८ इंजिनावर तर तो १९८५ पर्यंत टिकला. नुसत्या फवारणीत एवढी जादू असती, तर त्याला इतकं आयुष्य मिळालं नसतं.

कॉन्टेसा ही आपल्याकडची मसल कार, निदान दिसायला तरी. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ मध्ये आणली. बांधा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचा, लांबलचक बॉनेट, रुंद खांदे, आणि आत सुरुवातीला अँबॅसडरच्या घराण्यातलं दीड लिटरचं बिचारं इंजिन. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं तेव्हा कुठे गाडीच्या रूपाला थोडा न्याय मिळाला. आपल्या उदाहरणात तेच इंजिन धरू.

आधी कार्बोरेटरची बाजू नीट मांडतो, कारण त्याला हल्ली उगाच गावंढळ ठरवतात. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. हे बर्नोलींनी १७३८ मध्ये मांडलं आणि व्हेंचुरींनी १७९७ मध्ये नळ्यांवर अभ्यासलं. त्या गळ्यातच जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक पितळी छिद्राचं, तोंड उघडतं आणि घटलेला दाब फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल वर ओढतो. यातली खरी मजा पुढे आहे. हवेचा प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि पेट्रोलचाही तसाच. त्यामुळे तुम्ही पेडल कमी दाबा की जास्त, दोघांचं गुणोत्तर जवळपास तेच राहतं. वीज नाही, गणित नाही, तरी एका पितळी छिद्राने प्रमाण सांभाळलं जातं. हे ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

हे प्रमाण म्हणजे वजनाने १ भाग शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा. एवढ्यात पेट्रोलही उरत नाही आणि प्राणवायूही. पेट्रोल वाढलं तर मिक्श्चर रिच, प्लग काळा. हवा वाढली तर मिक्श्चर लीन, गाडी झटके देते, इंजिन तापतं.

अडचण अशी की ते पितळी छिद्र एकदा ठरलं की ठरलं, बाहेरचं जग मात्र बदलत राहतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढा. सुमारे १३५० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. तेच वर्गमूळ इथे आडवं येतं आणि मिक्श्चर सहा-सात टक्क्यांनी रिच होतं. मे महिन्यात रत्नागिरीत पारा ३३ अंशांवर आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर आपण हवा म्हणून जे ओढतो त्याचा साडेतीन-चार टक्के भाग नुसती वाफ असते. तेवढा प्राणवायू कमी. आणि ई-२०? इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून त्याला ९ भाग हवा पुरते. वीस टक्के मिश्रणाला लागतं सुमारे १३.५. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट मात्र १४.७ च्याच हिशोबाने देत राहतो, म्हणजे मिक्श्चर आठ-नऊ टक्क्यांनी लीन.

आता गंमत बघा. ई-२० भरून महाबळेश्वरला गेलात तर घाटाची चूक आणि इथेनॉलची चूक एकमेकींना जवळपास खाऊन टाकतात. वर गाडी झकास चालते. घाट उतरून पोलादपुरात आलात की पुन्हा कुरकुर. मग कुणीतरी सांगतं, समुद्राची हवा गाडीला मानवत नाही.

इंजेक्शन काय करतं? ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, हवेचं वजन काढतो. मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला, दाब एक सेन्सर सांगतो, तापमान दुसरा, इंजिनाचा वेग तिसरा. पुढे शाळेतलंच आदर्श वायूचं समीकरण. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर ४५४ घन सेंटीमीटरचा. सपाट रस्त्यावर आरामात चालताना मॅनिफोल्डमधला दाब ०.४ वातावरण, तापमान ३७ अंश आणि सिलिंडर ऐंशी टक्के भरतो असं धरलं, तर एका घोटात हवा येते ०.१६ ग्रॅम. तिला ई-२० पेट्रोल लागतं १२ मिलिग्रॅम, म्हणजे एका थेंबाचा साधारण तिसरा हिस्सा. मिनिटाला २०० मिलिलिटर सोडणारा इंजेक्टर त्यासाठी सुमारे ५ मिलिसेकंद उघडायचा. तीन हजार आरपीएमला प्रत्येक सिलिंडरची पाळी ४० मिलिसेकंदांनी येते, तेव्हा वेळ भरपूर आहे.

पण "सिलिंडर ऐंशी टक्के भरतो" हे कुणी सांगितलं? तो कोष्टकातला आकडा, म्हणजे अंदाजच. घाट आणि उकाडा ईसीयूला कळतो. हवेतली वाफ कळत नाही आणि टाकीत काय भरलंय तेही कळत नाही. माशाच्या कालवणात मोजून मीठ टाकलं तरी शेवटी चव घ्यावीच लागते. कार्बोरेटर ती कधीच घेत नाही. इंजेक्शनच्या गाडीत चव घेणारा अवयव सायलेन्सरच्या नळीत बसलेला असतो, आणि मला लिहायचं होतं ते त्याच्याबद्दल.

त्याचं नाव लॅम्डा सेन्सर, गॅरेजच्या भाषेत ऑक्सिजन सेन्सर. दिसायला जाडसर स्पार्क प्लग. आत अंगुस्तानासारखी एक सिरॅमिकची टोपी असते. तिच्या आतल्या बाजूला बाहेरची मोकळी हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनाचा धूर, आणि दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा सच्छिद्र लेप. सिरॅमिक झिर्कोनियाचं, म्हणजे झिर्कोनियमच्या ऑक्साइडचं. झिर्कोनियम मिळतं झिर्कॉन या खनिजातून. समुद्रकाठच्या वाळूत ते सापडतं म्हणून कुणी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर फावडं घेऊन जाऊ नये. आपल्या काळ्या वाळूत मुख्यतः इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट आहे. झिर्कॉनसाठी केरळातल्या चवराकडे बघावं लागतं.

शुद्ध झिर्कोनियाचा इथे उपयोग नाही, त्यात थोडा यिट्रियाचा, म्हणजे यिट्रियमच्या ऑक्साइडचा, भेसळ-मसाला लागतो. झिर्कोनियमच्या आयनावर चार धन प्रभार असतात, यिट्रियमच्या आयनावर तीन. चाराच्या जागी तीन आले की हिशोब जुळवण्यासाठी स्फटिकाला ऋण प्रभार कमी करावा लागतो. म्हणून दर दोन यिट्रियममागे ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. स्फटिक तीन-साडेतीनशे अंशांच्या वर तापला की शेजारचा ऑक्सिजन आयन त्या रिकाम्या जागेत उडी मारतो, त्याची जागा रिकामी होते, तिथे पुढचा येतो. अशा घट्ट, हवाबंद दगडातून ऑक्सिजन चालू लागतो. इलेक्ट्रॉनला मात्र त्यातून वाट नाही, त्याला बाहेरच्या तारेने वळसा घालून जावं लागतं. तारेतून जाणारा इलेक्ट्रॉन म्हणजे वीज, आणि ती आपल्याला मोजता येते.

हवेच्या बाजूला ऑक्सिजन भरपूर, धुराच्या बाजूला कमी. हवेतला ऑक्सिजनचा रेणू प्लॅटिनमकडून चार इलेक्ट्रॉन घेतो, आयन होऊन दगडात शिरतो आणि धुराच्या अंगाला इलेक्ट्रॉन टाकून बाहेर पडू बघतो. ही ओढ किती, ते वाल्टर नर्न्स्ट यांच्या समीकरणातून निघतं: व्होल्टेज दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमच्या प्रमाणात असतं. गंमत म्हणजे याच नर्न्स्ट यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस झिर्कोनिया-यिट्रियाची कांडी तापवून विजेचा दिवा केला होता. समीकरण त्यांचं, पदार्थ त्यांनी वापरलेला. दोन्ही एकत्र येऊन मोटारीच्या धुरात बसायला १९७६ उजाडलं. त्या वर्षी बॉशचा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला.

आता आकडे घालू. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा, पण मला तो सोडवत नाही.

धुराचं तापमान ९०० केल्व्हिन, म्हणजे सव्वासहाशे अंश सेल्सिअस धरा. त्या तापमानाला समीकरणातला गुणक येतो ०.०१९४ व्होल्ट. मिक्श्चर लीन असताना सेन्सर साधारण ०.१ व्होल्ट देतो. याचा अर्थ हवेतला ऑक्सिजन धुरातल्या ऑक्सिजनच्या पावणेदोनशे पट आहे. मिक्श्चर रिच झालं की व्होल्टेज ०.९ वर जातं. गुणोत्तर काढा: १ वर २० शून्यं, आणि त्याहून थोडं जास्त. म्हणजे प्लॅटिनमच्या पृष्ठभागाजवळच्या लिटरभर वायूत ऑक्सिजनचे दहा-बारा रेणू उरलेत, असा हिशोब निघतो. दहा-बारा कोटी नव्हे, दहा-बारा. तिथे खरोखर कुणी रेणू मोजत बसलेलं नाही. रिच धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन त्या तप्त प्लॅटिनमवर उरलासुरला ऑक्सिजन जाळून टाकतात, आणि रासायनिक समतोल साधल्यावर जी पातळी उरते ती ही. पेट्रोल टक्का-दीड टक्का इकडचं तिकडे झालं की ही पातळी १७-१८ शून्यांनी बदलते. लॉगरिदम त्या प्रचंड कड्याला चेपून एका व्होल्टाच्या आत बसवतो.

म्हणून हा सेन्सर मोजपट्टी कमी आणि कडा जास्त आहे. ०.४५ व्होल्टच्या वर असलो तर पेट्रोल जास्त, खाली असलो तर कमी. ईसीयू इंजेक्टरची वेळ किंचित घटवतो, व्होल्टेज पडतं. किंचित वाढवतो, चढतं. हा झोका इंजिन गरम असताना सेकंदा-दोन सेकंदांत सतत चालू राहतो. टाकीत ई-१० आहे की ई-२०, हवा दमट की कोरडी, फिल्टर चोंदलाय का, हे काहीही माहीत नसताना प्रमाण जागेवर येतं, कारण धूर साक्ष देतो. कोष्टकातले आकडे चुकले तर ईसीयू ते हळूहळू सुधारून ठेवतो. इंजेक्शनच्या तयार किटच्या जाहिरातीत यालाच "स्वतः शिकणारं" म्हणतात. (इग्निशनचं टायमिंग ते आपोआप शिकत नाही. जाहिरातीत हे बारीक अक्षरांतही नसतं.)

शिसं या प्लॅटिनमला विष असतं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झालं. मारुतीच्या मागे एमपीएफआय (मल्टी-पॉइंट फ्युएल इंजेक्शन) ही अक्षरं त्याच सुमारास झळकू लागली, हा योगायोग नव्हता.

जाता जाता एक. पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधला की रेणू सरळ रांगेत उभे राहतात आणि मायलेज वाढतो, असा व्हिडिओ अजून फिरतोय. पेट्रोलचे रेणू चुंबकाला दाद देत नाहीत आणि रांगेत उभे राहिले तरी जळताना त्याचा उपयोग नाही. टाकीत डांबराच्या गोळ्या टाकणं हे तर जेट चोंदवायचं साधन. गाडी सुरू करताना नारळ फोडा, गाऱ्हाणं घाला, माझी ना नाही, नारळाने पाइप चोंदत नाही. इंजेक्शनवाल्यांचाही बाजार आहेच. "तीस टक्के मायलेज वाढेल" म्हणणाऱ्याला विचारा, कशाच्या तुलनेत? बिघडलेल्या कार्बोरेटरच्या तुलनेत वाढेलही. नीट बसवलेल्या कार्बोरेटरने सपाट रस्त्यावर एका वेगाने चालणाऱ्या गाडीत फरक थोडाच पडतो. शिवाय लिटरभर ई-२० मध्ये साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जाच कमी आहे. ती कुठलाही ईसीयू परत आणून देणार नाही.

अमेरिकन मसल कारला कार्बोरेटरच्याच बोल्टांवर बसणारे तयार थ्रॉटल बॉडी (हवेची झडप असलेले भाग) मिळतात, त्यातच इंजेक्टर आणि ईसीयू. कॉन्टेसासाठी असं तयार काही नाही. मारुतीसारख्या गाडीचे इंजेक्टर आणि सेन्सर, आणि मेगास्क्वर्ट किंवा स्पीडुइनोसारखा हौशी लोकांनी घडवलेला ईसीयू, अशी जुळवाजुळव करावी लागते. जुना पंप पाव ते अर्धा बार दाब देतो, इथे तीन-चार बार लागतो. म्हणून नवा इलेक्ट्रिक पंप, त्या दाबाचे आणि इथेनॉलला टिकणारे पाइप, टाकीकडे परतणारी नळी. जुना रबरी पाइप तसाच ठेवणं म्हणजे तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची पिचकारी. वाढत्या दाबाचा एक फायदा मात्र उन्हाळ्यात जाणवतो: पाइपात पेट्रोल उकळून गाडी बंद पडण्याचा प्रकार थांबतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा खर्चाआधी आरटीओत विचारलेलं बरं.

आणि कोकणात या सगळ्याच्या आधी गंज. सेन्सरचं सगळं बोलणं एका व्होल्टाच्या आत चालतं. खाऱ्या हवेने चॅसीवरचा अर्थिंगचा बोल्ट गंजला आणि तिथे ०.२ व्होल्ट सांडले, तर साक्ष पार फिरते. तेव्हा इंजिन, ईसीयू आणि बॅटरी यांच्यामध्ये जाड, नवी, स्वतंत्र अर्थची तार हवी. सायलेन्सरच्या नळीला सेन्सरच्या अलीकडे बारीक भोक असेल तर धुराच्या ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू "लीन" समजून पेट्रोल ओतत राहतो. मॅनिफोल्डच्या गास्केटला साधं सिलिकॉन फासलं तर त्याची वाफ सेन्सरला बधिर करते. "सेन्सर सेफ" लिहिलेलंच घ्यावं. एखादा प्लग मिस मारत असेल तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही धुरात येतात. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो, आणि आधीच भिजलेल्या प्लगवर ईसीयू आणखी पेट्रोल घालतो. अशा वेळी लॅपटॉप उघडण्याआधी प्लग उघडावा.