एकात्म न्यायव्यवस्था

संघराज्यात केंद्र आणि राज्य अशी दोन सरकारे व दोन कायदेमंडळे असतात. न्यायालयांची उतरंड मात्र एकच असेल आणि तीच दोघांचे कायदे लावत असेल, तर त्या रचनेला एकात्म न्यायव्यवस्था म्हणतात. भारताने ती स्वीकारली आहे. अमेरिकेत तसे नाही. तिथे १७८९ च्या कायद्याने संघीय न्यायालये वेगळी उभी राहिली, राज्यांची न्यायालये आपापल्या जागी राहिली, आणि एकाच शहरात दोन स्वतंत्र न्यायालये, दोन प्रकारचे न्यायाधीश असा कारभार आजही चालतो.

पाठ्यपुस्तकात हा फरक एका ओळीत उरकला जातो. तो नीट समजून घ्यायचा तर नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या तालुका कोर्टाचा दिवसाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, वाचावा. निफाडच्या द्राक्षबागायतदाराचा माल परप्रांतातला व्यापारी उचलतो, चेक देतो आणि चेक ‘अपुरी शिल्लक’ असा शेरा घेऊन परत येतो. मग ‘एकशे अडतीसची केस’ उभी राहते. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोहोचल्यावर पैसे भरायला १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात फिर्याद. हे कलम १३८ परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधले. धनादेश हा विषय संघसूचीतला, म्हणजे केंद्राने कायदे करायच्या विषयांच्या यादीतला. त्याच बोर्डावर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खालचा खटला असतो, आणि तो कायदा राज्याचा. दोन्ही प्रकरणे त्याच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, त्याच खोलीत, त्याच पट्टेवाल्याच्या पुकाऱ्यावर चालतात. कायदा दिल्लीचा की मुंबईचा, हे पक्षकाराला विचारावेही लागत नाही.

या केसमध्ये संसद आणि न्यायालय यांचे नातेही दिसते. चेक ज्या शाखेवर काढला तिथेच फिर्याद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये दशरथ रूपसिंग राठोड प्रकरणात ठरवले. संविधानाच्या कलम १४१ नुसार असा निर्णय देशातल्या सर्व न्यायालयांना बंधनकारक असतो, त्यामुळे चेक दिल्लीच्या शाखेचा असेल तर शेतकऱ्याने दिल्ली गाठणे ओघानेच आले. संसदेने २०१५ मध्ये कायदा दुरुस्त केला आणि चेक खात्यात भरला असेल, तर पैसे घेणाऱ्याचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयाला अधिकार दिला. बागायतदाराची केस निफाडला परत आली. कायद्याचा अर्थ न्यायालय लावते. तो अर्थ पटला नाही तर संसद कायद्याचे शब्द बदलू शकते, मात्र संविधानाच्या चौकटीत राहून.

शिक्षा झाली तर अपील सत्र न्यायालयात, तिथून पुनरीक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम १३६ खाली परवानगी दिलीच तर दिल्लीला. नाशिक जिल्हा उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठाखाली येतो. शेजारचे धुळे, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे मात्र छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे आहेत. न्यायालय एकच, तरी वकिलाची गाडी कोणत्या दिशेने निघणार ते जिल्ह्याच्या सीमेवर ठरते. खाली कामकाज मराठीत चालते. कलम ३४८ मुळे वर इंग्रजी आहे, आणि कागदपत्रांच्या भाषांतराचा भुर्दंड पक्षकारावर पडतो. या रचनेतला हा सर्वांत खडबडीत सांधा म्हणावा लागेल.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी : १९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये १ ऑक्टोबर १९३७ रोजी दिल्लीत संघ न्यायालय सुरू झाले. सर मॉरिस ग्वायर त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती, तर बॅ. मुकुंदराव जयकर पहिल्या न्यायाधीशांपैकी एक. पण शेवटचा शब्द लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचाच, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या अंतिम अपील मंडळाचाच, राहिला. जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघ न्यायालयाची जागा घेतली.

कनिष्ठ न्यायालये कोणाच्या हाती, हा प्रश्न संविधानाने कलम २३३ ते २३७ मध्ये सोडवला आहे. जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने करतात. खालच्या पदांसाठी लोकसेवा आयोगाशीही सल्लामसलत होते. त्यानंतर मात्र कनिष्ठ न्यायालयांवरचे नियंत्रण कलम २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाचे. नाशिकचे जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसरात जवळजवळ आहेत, पण न्यायाधीशांची बदली करणे जिल्हाधिकाऱ्याच्याच काय, मंत्रालयाच्याही हातात नाही. खर्चाची वाटणी मजेशीर आहे. तालुका-जिल्हा न्यायालयांचा भार मुख्यतः राज्याच्या तिजोरीवर पडतो, केंद्राच्या कायद्याखालचे खटले चालवण्यासाठीसुद्धा. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार राज्याच्या संचित निधीतून जातो आणि निवृत्तिवेतन केंद्राच्या.

कायदा संविधानविरोधी आहे असे जिल्हा न्यायाधीशाला वाटले तरी त्याला तो कायदा स्वतः रद्द करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११३ खाली प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवावा लागतो. उच्च न्यायालय मात्र केंद्राचा कायदाही रद्दबातल ठरवू शकते. आणीबाणीत ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) हा अधिकार काढून केवळ सर्वोच्च न्यायालयाकडे ठेवला होता. जनता सरकारच्या काळात ४३ व्या दुरुस्तीने तो परत दिला. मधल्या काळात एकात्म रचनेलाच तडा गेला होता, हे दुरुस्त्यांच्या यादीत सहसा हरवून जाते.

अलीकडे विशेष न्यायालये वाढली आहेत. मालेगावच्या २००८ च्या बॉम्बस्फोटाचा तपास आधी राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने केला; २०११ मध्ये तो केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ जुलै २०२५ रोजी सातही आरोपी निर्दोष सुटले. यंत्रणा केंद्राची असली तरी अशा न्यायालयावर बसतो तो राज्याच्या न्यायिक सेवेतलाच सत्र न्यायाधीश, आणि अपीलही उच्च न्यायालयाच्याच खंडपीठापुढे जाते.

ही उतरंड जिथे थांबते ती जागा गोदावरीवर सापडते. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद राज्याच्या आतला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला, आणि त्याला दिलेले आव्हान उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळले. तेच पाणी तेलंगणाच्या हद्दीत शिरले की कलम २६२ लागू होते. त्याआधारे केलेल्या १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याने पाणीवाटपाचे तंटे सर्वोच्च न्यायालयासह सर्व न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले आणि ते लवादाकडे दिले. एरवी राज्याराज्यांतले दावे कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात चालतात. गोदावरीचा लवाद न्या. आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली १९६९ मध्ये नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा १९८० मध्ये आला.