बेलमधले पगार कोणी ठरवले?

अमेरिकेतल्या शहर अधिकाऱ्यांच्या पगाराचा वाद निघाला की कॅलिफोर्नियातल्या बेलचे नाव येतेच. लॉस एंजेलिसजवळचे, अडीच चौरस मैलांत दाटीने वसलेले हे छोटे शहर. वस्ती जेमतेम ३५ हजारांची, बहुतेक लॅटिनो कष्टकरी कुटुंबांची. २०१० मध्ये तिथला सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा कारभार चालवणारा पगारी अधिकारी, रॉबर्ट रिझो वर्षाला ७,८७,६३७ डॉलर मूळ पगार घेत होता. त्या वेळी अमेरिकेच्या अध्यक्षांचा पगार होता ४ लाख.

सिटी मॅनेजर हे पद खरे तर सुधारणेसाठीच निर्माण झाले. शहरांचा कारभार पक्षीय पुढाऱ्यांच्या हातून काढून जाणकार पगारी माणसाकडे द्यावा, या विचाराने व्हर्जिनियातल्या स्टाँटनने १९०८ मध्ये असा अधिकारी नेमला. १९१३ च्या महापुरानंतर ओहायोतल्या डेटननेही हाच मार्ग धरला आणि मग ही पद्धत देशभर पसरली. आपल्याकडे महापालिका आयुक्त राज्य सरकार पाठवते, त्याचा पगार ठरलेल्या श्रेणीत असतो. तिथे मात्र निवडून आलेले कौन्सिलच मॅनेजरशी करार करते. कौन्सिलच सामील असेल, तर गावात त्याला अडवणारे कोणी उरत नाही.

बेलमध्ये नेमके तेच झाले. रिझो १९९३ मध्ये ७२ हजार डॉलरवर आला आणि करारामागून करार करत पगार वाढवत गेला. नोव्हेंबर २००५ मध्ये बेलला ‘चार्टर सिटी’, म्हणजे स्वतःच्या सनदेनुसार कारभार करणारे शहर, करण्यासाठी वेगळे मतदान घेतले गेले. स्थानिक स्वायत्तता वाढेल, असे लोकांना सांगण्यात आले. कौन्सिल सदस्यांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा त्यामुळे बेलला लागू राहणार नाही, हे मात्र मतदारांपर्यंत पोहोचलेच नाही. मतदानाला ४०० माणसेही आली नाहीत. त्यानंतर बहुतेक सदस्य अर्धवेळ कामासाठी वर्षाला सुमारे १ लाख डॉलर घेऊ लागले. त्यातला मोठा वाटा जेमतेम बैठका घेणाऱ्या मंडळांच्या नावाने निघे.

माझ्या मते सगळ्यात संतापजनक गोष्ट २००८ ची आहे. एका रहिवाशाने पगार विचारला, तेव्हा त्याच्या हाती खोटा कागद देण्यात आला: मॅनेजरला महिना १५,४७८ डॉलर, सदस्यांना ६७३. नागरिकाने योग्य प्रश्न योग्य ठिकाणी विचारला होता.

खरे आकडे जुलै २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने छापले. त्याचे बातमीदार शेजारच्या मेवूडच्या कारभाराचा माग काढताना बेलपर्यंत आले होते. रहिवासी रस्त्यावर उतरले, अटका झाल्या आणि मार्च २०११ मध्ये मतदारांनी जुने कौन्सिल घरी पाठवले. २०१४ मध्ये रिझोला १२ वर्षांची शिक्षा झाली, ८८ लाख डॉलर परत करण्याचा आदेशही निघाला. दरम्यान राज्याच्या कंट्रोलरने, म्हणजे हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, सर्व शहरे आणि काउंटींना पगाराचे तपशील कळवायला लावले. ते आता संकेतस्थळावर कोणालाही, अर्ज न करता, पाहता येतात.