हळू चालताना गाडी हिसके का देते?

पेट्रोल गाडीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोकळ्या रस्त्यावर गाडी झकास पळते, पण गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर आली की गचके खाते, ही तक्रार आमच्याकडे जुन्या गाड्यांइतकीच नव्या कोऱ्या गाड्यांचीही येते. कुणी आधीच प्लग बदलून आलेलं असतं, कुणी इंजेक्टर साफ करून. हिसके मात्र तसेच. म्हणून काही सुटे भाग बदलण्याआधी हे पत्रक वाचा. हिसका नेमका कधी बसतो, यावर पुढचं सगळं ठरतं. कदाचित गाडी आमच्याकडे आणायची गरजही पडणार नाही.

पायाखाली आता केबल नाही

पूर्वी ॲक्सिलरेटर दाबला की तार ओढली जायची आणि इंजिनात हवा सोडणारी झडप तेवढीच उघडायची. आजच्या पेट्रोल गाडीत पेडलखाली सेन्सर असतो. तो पेडल किती दाबलं ते इंजिनच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो. झडप किती उघडायची हे ईसीयू ठरवतो आणि एक छोटी मोटर ती उघडते. ठरवताना तो इंजिन गरम आहे का, एसी चालू आहे का, गिअर कोणता, धूर किती निघेल, असं बरंच काही बघतो. थोडक्यात, तुम्ही रेस देत नाही, रेस मागता.

त्यात बऱ्याच गाड्यांमध्ये पेडलच्या सुरुवातीच्या थोड्याशा हालचालीला जरा जास्तच प्रतिसाद ठेवलेला असतो. टेस्ट ड्राइव्हला गाडी चपळ वाटावी, हे त्यामागचं एक कारण असावं असं आमचं मत. मोठ्या वेगात हे लक्षातही येत नाही. गर्दीत मात्र पायाचा अंगठा किंचित हलला तरी गाडी पुढे झेपावते.

रेस सोडली की पेट्रोल बंद

हिसक्यांचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी माहीत असलेलं कारण हे आहे. गाडी गिअरमध्ये असताना तुम्ही पाय पूर्ण उचललात आणि इंजिनचे फेरे आयडलपेक्षा, म्हणजे रेस न देता इंजिन जितकं फिरतं त्यापेक्षा, बरेच वर असले, तर ईसीयू पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंदच करतो. त्या वेळी इंजिनात पेट्रोलचा थेंबही जात नाही. चाकंच इंजिनला फिरवत राहतात आणि गाडी आपोआप रोखली जाते. पेट्रोल वाचतं, धूर कमी होतो. फेरे उतरत आयडलच्या जवळ आले (बऱ्याच गाड्यांत १००० ते १५०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला तितक्या फेऱ्यांच्या, दरम्यान) की पेट्रोल पुन्हा सुरू होतं, नाहीतर इंजिन बंद पडेल.

आता गर्दीतली चाल डोळ्यांसमोर आणा. जरा रेस, पाय वर, परत जरा रेस. प्रत्येक वेळी तुम्ही ही रेघ ओलांडता. एका क्षणी इंजिन चाकांना ओढतं, दुसऱ्या क्षणी चाकं इंजिनला. गिअरच्या दात्यांत आणि शाफ्टच्या सांध्यांत जी थोडी मोकळीक असते ती एका बाजूची संपून दुसऱ्या बाजूला जाते, इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर पुढे-मागे झुलतं, आणि तुम्हाला 'धक्’ असा गचका जाणवतो.

पहिल्या गिअरमध्ये हे जास्त का, तर तिथे इंजिनचं बळ चाकापर्यंत पोचताना साधारण चौदा-पंधरा पटीने वाढतं. पाचव्यात तेच तीन-सव्वातीन पट. इंजिनने केलेला तोच बदल पहिल्या गिअरमध्ये चार-पाच पट मोठा होऊन अंगावर येतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत रेस सोडल्यावरही सहसा थोडं पेट्रोल आत झिरपत राहायचं, म्हणून ती मऊ वाटायची. ज्यांची निम्मी हयात तसल्या गाड्यांवर गेली, त्यांना नवी गाडी बिघडलेली वाटते ती यामुळे. ती बिघडलेली नसते.

गाडी नाचते तेव्हा पायही नाचतो

एक हिसका बसला की चालवणाऱ्याचं अंग पुढे जातं, तसा पायही पेडलवर दाबला जातो. गाडी आणखी झेपावते, अंग मागे आपटतं, पाय सुटतो, आणि पुढचा हिसका त्याहून मोठा येतो. शिकाऊ चालकांची गाडी बेडकासारखी उड्या मारते ती अशीच, पण वीस वर्षं चालवणाऱ्यांचंही नव्या गाडीत हे होतं.

यावर उपाय साधा आहे. टाच जमिनीवर घट्ट टेकवा आणि पाऊल फक्त घोट्यातून हलवा. मांडी उचलून पेडल दाबू नका. बुटाची उजवी-डावी कड बाजूच्या प्लास्टिकला किंचित टेकलेली राहिली तर पाऊल आणखी स्थिर होतं. सीट फार मागे असेल तर टाच टेकतच नाही, तेव्हा ती एक-दोन खाचा पुढे घ्या. जाड तळव्याचे बूट घालून तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी पातळ तळव्याचे घालून बघायला सांगतो. आणि गाडीने उड्या मारायला सुरुवात केलीच, तर रेसशी झुंजू नका. क्लच क्षणभर दाबा, सगळं तिथेच शांत होतं. मग हळू सोडा.

रांगत जायचं तर इंजिनला जाऊ द्या

पहिल्या गिअरमध्ये १००० आरपीएमला गाडी ताशी साधारण ७ किलोमीटर जाते, दुसऱ्यात १३-१४. गाडीगणिक थोडा फरक पडतो. म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने दुसऱ्या गिअरवर जायचं म्हटलं तर इंजिनला आयडलच्याही खाली फिरावं लागेल. ते तसं फिरू शकत नाही, धडधडतं. ताशी १० किलोमीटरच्या खाली आलात की पहिला टाका. 'चालत्या गाडीत पहिला टाकत नाहीत' हा जुना नियम या वेगाला लागू नाही.

पहिल्यात आल्यावर क्लच पूर्ण सोडा आणि रेसवरून पाय काढून टाका. आयडलला पेट्रोल तोडलं जात नाही. उलट आयडल पडू नये म्हणून ईसीयू स्वतःच हवा, पेट्रोल आणि स्पार्कची वेळ सांभाळतो, आणि सपाट रस्त्यावर गाडी ताशी ५-६ किलोमीटरने एकसारखी रांगते. ईसीयूचं हे काम तुमच्या पायापेक्षा कितीतरी बारीक असतं. पुढच्या गाडीला थोडं अंतर सोडा, म्हणजे दर दोन हातांवर ब्रेक मारावा लागणार नाही. अंतर सोडलं की कुणीतरी मध्ये घुसतं, हे कबूल. घुसू द्या.

हाफ क्लचवर मात्र गाडी तासन्‌तास रेटू नका. हिसके झाकले जातात, पण क्लच प्लेट तापते, घासते. जळका वास आला तर तो तिचाच.

चढावर थांबून निघताना हिल होल्ड असलेल्या गाड्या ब्रेक दोन-एक सेकंद धरून ठेवतात आणि मग सोडतात. त्या सोडण्याचा छोटा झटका नेहमीचा आहे.

एसी चालू असेल तर कॉम्प्रेसर लागताना-सुटताना इंजिनवरचा भार बदलतो आणि हलकासा धक्का येतो. लहान इंजिनांत तो जास्त जाणवतो. इको मोड असेल तर गर्दीत तो लावून बघा. सहसा त्यात पेडलचा सुरुवातीचा तिखटपणा कमी होतो. स्पोर्ट मोड गर्दीत नकोच.

टर्बो पेट्रोल गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. लहान टर्बो इंजिनात साधारण १५०० आरपीएमच्या खाली दम नसतो, नंतर एकदम येतो. हा 'एकदम' अनेकांना हिसका वाटतो. तो टाळायला वरच्या गिअरवर खालच्या आरपीएमला पेडल खोल दाबू नका, गिअर उतरवा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा दाबण्याने स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्याने पिस्टनचं नुकसान होऊ शकतं. आरामापेक्षा मोठा मुद्दा आहे हा.

क्लच पेडल नसलेल्या गाड्या

सगळ्या ऑटोमॅटिक एकसारख्या नसतात. एएमटीत आत साधा गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. गिअर बदलताना ओढ तुटते, मान पुढे डुलते. बदलाच्या क्षणी पाय किंचित हलका केला की फरक पडतो. ड्युअल क्लच गाडीत, विशेषतः कोरड्या क्लचच्या, रांगताना क्लच सतत घसरत राहतो. ब्रेकवर अर्धवट पाय ठेवून इंचाइंचाने सरकण्यापेक्षा थांबा आणि गाडीभर जागा झाल्यावर निघा. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्या हळू वेगात मुळातच मऊ असतात. त्या हिसके द्यायला लागल्या तर सवयीला दोष न देता गाडी दाखवा.

खराबी आहे हे कसं ओळखायचं?

पहिली कसोटी अशी: पाय अजिबात न हलवता, पेडल एका जागी धरून गाडी हिसके देते का? देत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, काहीतरी बिघडलं आहे. दुसरी: गेल्या महिन्यापर्यंत ठीक होती आणि आता द्यायला लागली का? तुमचा पाय एका महिन्यात बदलत नाही.

आमच्याकडे नेहमी सापडणारा दोषी म्हणजे थ्रॉटल बॉडी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली हवेची झडप ज्यात असते तो भाग. हवेचा पाइप काढून आत टॉर्च मारली की झडपेच्या कडेला काळं, चिकट वर्तुळ दिसतं. इंजिनातून परत येणारी तेलाची वाफ आणि काजळी तिथे बसते. आयडलला झडप केसभरच उघडी असते, त्यामुळे हा पातळ थरही हवेचा मोठा वाटा अडवतो. ईसीयू काही काळ जुळवून घेतो, मग त्यालाही जमेनासं होतं. साफसफाई सोपी आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. झडप पेचकसाने किंवा बोटाने ढकलून उघडायची नाही, आतली मोटर आणि दाते खराब होतात. आणि साफ केल्यावर झडपेची नवी जागा ईसीयूला शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत हे स्कॅनरनेच, म्हणजे ईसीयूला जोडायच्या तपासणी यंत्रानेच, होतं. ते राहिलं तर आयडल चढलेलं राहतं नाहीतर वर-खाली होत राहतं आणि गाडी आधीपेक्षा वाईट वाटते. बॅटरी काढून लावल्यावरही काही गाड्या थोडे दिवस अशाच वागतात.

थेट इंजेक्शनच्या इंजिनांत (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हच्या मागेही काजळी साठते, कारण तिथे पेट्रोलचा फवारा पोचतच नाही. पेट्रोलच्या टाकीत ओतायची क्लीनरची बाटली त्या काजळीपर्यंत जाणार कशी? म्हणून त्या कामासाठी आम्ही ती विकत नाही.

बाकीचं थोडक्यात. गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे अधूनमधून एक सिलिंडर चुकत असेल, तर प्लग किंवा इग्निशन कॉइल बघावी लागते. आयडल अस्थिर आणि कुठूनतरी 'सूं' असा आवाज येत असेल तर हवेची गळती; तडकलेला रबरी पाइप ही नेहमीची जागा. पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू करायला त्रास आणि मग थोडा वेळ गचके, असं होत असेल तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. फक्त क्लच सुटताना गाडी थरथरते आणि एकदा सुटल्यावर गुपचूप चालते, तर क्लच प्लेट. रेस देताना-सोडताना 'ठक्’ असा आवाज आणि इंजिन हलल्याची जाणीव, तर माउंटिंगचं रबर गेलं असावं.

पेडलचा प्रतिसाद 'वाढवणारी' जी छोटी यंत्रं मिळतात, ती बसवून आलेल्या गाडीचं आम्ही आधी ते यंत्र काढून ठेवतो. हिसक्यांच्या तक्रारीवर ते नेमकं उलटं औषध आहे.

गाडी आणताना

स्कॅनर लावून ईसीयूने नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. पुसताना बिघाड कोणत्या वेगाला, किती तापमानाला झाला याची नोंदही जाते. म्हणून येण्याआधी कोड कुठेही पुसून घेऊ नका.

येताना हे सांगा: हिसके इंजिन थंड असताना येतात की गरम, एसीसह की एसीविना, कोणत्या गिअरमध्ये, रेस देताना, सोडताना की पाय स्थिर असताना, आणि याआधी कोणतं काम झालं होतं. थंड असतानाच येत असतील तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, सकाळी पहिल्यांदा सुरू आम्ही करू. शक्य असेल तर आमच्या माणसाला शेजारी बसवून तुम्हीच चालवा. तुमच्या पायाखाली येणारा हिसका आमच्या पायाखाली येईलच असं नाही.

चेक इंजिनचा दिवा सतत पेटून असेल तर सवडीने, पण लवकर दाखवा. तो लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतोय. अशा वेळी गाडी चालवत आमच्याकडे आणू नका. रेस कमी करा, सुरक्षित जागी उभी करा, इंजिन बंद करा आणि फोन करा. आम्ही ओढून आणण्याची सोय करू.