पुढच्या दातांच्या फिलिंगसाठी मॅट्रिक्स स्ट्रिपची निवड

पटाशीच्या दातांत किंवा सुळ्यांत कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचे रेझिनचे फिलिंग, भरताना दोन दातांच्या फटीत सरकवली जाणारी पातळ पट्टी म्हणजे मॅट्रिक्स स्ट्रिप. किडीमुळे किंवा मार लागून दाताची बाजू गेलेली असते, तिथे ही पट्टी काही मिनिटांपुरती भिंत होते. फिलिंग शेजारच्या दाताला चिकटत नाही आणि हिरडीकडे ओघळत नाही.

सर्वांत रूढ आहे ती मायलरची, म्हणजे पॉलिएस्टरची, पारदर्शक स्ट्रिप. जाडी साधारण 0.05 मिलिमीटर. कंपोझिट निळ्या प्रकाशाने घट्ट होते आणि तो प्रकाश या पट्टीतून आरपार जातो. शिवाय ती हवा अडवते. उघड्यावर ऑक्सिजनमुळे कंपोझिटचा वरचा थर चिकट राहतो, पट्टीखाली मात्र तो गुळगुळीत निघतो. सेल्युलोज ॲसिटेटच्या पट्ट्याही वापरतात.

निवडीत पदार्थापेक्षा आकार महत्त्वाचा. दाताची बाजू हिरडीपाशी फुगीर असते. सरळ पट्टी ताणून धरली की फिलिंग सपाट होते, दातांचा एकमेकांना होणारा स्पर्श सुटतो आणि हिरडीजवळ काळा त्रिकोण दिसू लागतो. लहान पोकळी असेल आणि दाताचा बराचसा आकार शाबूत असेल, तर सरळ मायलर पुरते. उपकरणाच्या दांड्यावर घासून तिला थोडा बाकही देता येतो. कोपराच तुटला असेल किंवा दातांतली मोठी फट बुजवायची असेल, तर आधीच वळवलेली पट्टी घेणे उत्तम. दाढांसाठी बनवलेली धातूची सेक्शनल मॅट्रिक्स, म्हणजे दाताच्या एकाच बाजूपुरती वळवलेली पट्टी, उभी लावण्याची युक्तीही दंतवैद्य करतात. तिचा बाक टिकतो, पण तिच्यातून प्रकाश जात नाही. म्हणून तो ओठांच्या आणि जिभेच्या, अशा दोन्ही बाजूंनी द्यावा लागतो, आणि पट्टी काढल्यावर पुन्हा एकदा.

पट्टी कोणतीही असो, वेजशिवाय ती अपुरी. ही लहानशी पाचर पट्टी हिरडीच्या बाजूला दाताशी घट्ट दाबते आणि दात किंचित दूर सारते. पट्टी काढल्यावर तिच्या जाडीएवढी जागा त्यामुळेच भरून निघते. फार जाड वेज मात्र पट्टी आत ढकलते आणि मिळालेला बाक बिघडवते. उलट वेज सैल राहिली, तर कंपोझिट हिरडीखाली बाहेर येते. त्या काठावर प्लाक साचतो, हिरडी सुजते आणि फ्लॉस करताना धागा फाटतो.