कासवाची रेडियल ग्लिया म्हणजे अर्धवट राहिलेली ॲस्ट्रोसाइट नव्हे

‘सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मेंदूत ॲस्ट्रोसाइट नसतात, भ्रूणातल्या रेडियल ग्लियाच तेवढ्या मोठेपणीही राहून गेलेल्या असतात.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आता दिसलं की खोडायला हात शिवशिवतात. त्यात एक चूक लहान आहे आणि एक मोठी.

या दोन्ही ग्लियाच, म्हणजे मेंदूत चेतापेशींना सांभाळणाऱ्या पेशी. ॲस्ट्रोसाइट तुम्हाला ठाऊक असेल. ताऱ्यासारख्या फांद्यांची, सिनॅप्सभोवतालचं (दोन चेतापेशींच्या सांध्याभोवतालचं) ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन आणि जास्तीचं पोटॅशियम उचलणारी, रक्तवाहिनीवर पाय टेकवून बसलेली पेशी. तिच्याबद्दल इतकं पुरे.

रेडियल ग्लियाचा पत्ता वेगळा. मेंदूच्या आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. या पेशीचं मुख्य शरीर अशा पोकळीच्या भिंतीत बसलेलं असतं आणि तिथून निघालेला लांब तंतू मेंदूची सगळी जाडी ओलांडून बाहेरच्या पातळ आवरणाला जाऊन टेकतो. ॲस्ट्रोसाइटचा पोकळीशी संबंध तुटलेला असतो, हिचा शाबूत असतो. दोघींना वेगळं करणारी खूण हीच.

खरा घोळ पुढे आहे. उंदराच्या किंवा माणसाच्या भ्रूणात रेडियल ग्लिया आधी येतात. नव्या चेतापेशी त्यांच्या तंतूंना धरून वर सरकतात, हे पास्को राकिच यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. त्या चेतापेशींना जन्मही याच पेशी देतात, हे 2001च्या सुमारास स्पष्ट झालं. काम उरकलं की यातल्या बऱ्याच पेशी पोकळीवरची पकड सोडतात आणि ॲस्ट्रोसाइट होतात. म्हणजे सस्तन प्राण्यांत हा एकाच पेशीच्या आयुष्यातला आधी-नंतरचा क्रम झाला. लोक हा क्रम उचलतात आणि थेट उत्क्रांतीला चिकटवतात: कासवात रेडियल ग्लिया आहेत, म्हणजे कासवाचा मेंदू वाढायचा थांबला!

तो थांबलेला नाही. प्रौढ कासवातली किंवा सरड्यातली रेडियल ग्लिया ही पूर्ण वाढलेली पेशी आहे. तिच्या तंतूला बाजूच्या फांद्या फुटतात, त्या रक्तवाहिन्यांना वेढतात. ॲस्ट्रोसाइट ग्लुटामेटचं ग्लुटामिन करते ते ज्या विकराने, ते ग्लुटामिन सिंथेटेज प्रौढ सरड्यांच्या रेडियल ग्लियातही सापडतं. काम तेच, बैठक वेगळी. हे पटत नसेल तर आपल्याच डोळ्याकडे बघा. दृष्टिपटलातली म्युलर ग्लिया आयुष्यभर पटलाची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत व्यापून उभी असते. म्हणून माणसाचं दृष्टिपटल भ्रूणावस्थेत अडकलंय असं कुणी म्हणत नाही. मग कासवाच्या बाबतीतच का म्हणायचं?

जीएफएपी या ग्लियाच्या तंतूंमधल्या प्रथिनाचाही मला राग आहे. रागवायचं खरं तर त्या प्रथिनावर नाही, ते वापरण्याच्या पद्धतीवर. लॉरेन्स एंग यांनी 1970च्या आसपास ते वेगळं केलं आणि तेव्हापासून ‘जीएफएपी दिसलं म्हणजे ॲस्ट्रोसाइट’ अशी सवय पडली. कासवाच्या मेंदूच्या कापावर हे रंगवलं तर रेडियल ग्लियाचे तंतू झळकतात. उलट सस्तन प्राण्यांच्या करड्या भागातल्या कितीतरी ॲस्ट्रोसाइट नीट रंगतही नाहीत. कापाचं चित्र छापताना पेशीचं केंद्रक कुठे आहे आणि तिचा पाय पोकळीला लागतो का, एवढं तरी दाखवावं.

आता लहान चूक. ‘सरपटणारे प्राणी’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधता येत नाही. कासवांत ताऱ्यासारख्या ॲस्ट्रोसाइट जवळपास नाहीतच. मगरीच्या कुळातल्या केमनमध्ये रेडियल ग्लियाचंच प्राबल्य असलं तरी सोबत ॲस्ट्रोसाइट आहेत. मगरींचे आजचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पक्षी, आणि त्यांच्यात तर त्या भरपूर आहेत. माशांकडे वळलं तर साध्या प्राण्यांकडून प्रगत प्राण्यांकडे जाणारी ही कल्पित शिडी आणखीच मोडते: पातळ भिंतीचा मेंदू असलेल्या शार्कमध्ये रेडियल पेशी जास्त, तर जाड भिंतीच्या पाकट माशांत ॲस्ट्रोसाइटही. मेंदूच्या भिंतीची जाडी आणि ग्लियाचं रूप यांचा संबंध होर्स्टमान यांनी 1954मध्येच शार्कवर्गीय माशांचा अभ्यास करताना मांडला होता. केवळ जाडीने सगळं उलगडत नाही, पण ‘खालचा प्राणी, वरचा प्राणी’ या शिडीपेक्षा मला तो धागा कितीतरी भक्कम वाटतो.

पोकळीची भिंत न सोडण्याचे परिणामही वेगळे होतात. आपल्या मेंदूला इजा झाली की ॲस्ट्रोसाइट फुगतात, त्या जागी व्रण धरतो आणि गेलेल्या चेतापेशी बहुतेक परत येत नाहीत. पोडार्सिस वंशातल्या सरड्यांत मेंदूच्या बाह्यकाच्या (बाहेरच्या थराच्या) आतल्या बाजूचा पट्टा रसायनाने मारून पाहिलेला आहे. तिथे पोकळीच्या भिंतीलगत नव्या चेतापेशी जन्मल्या, रेडियल ग्लियाच्या तंतूंवरून चढल्या आणि काही आठवड्यांत तो थर पुन्हा भरू लागला.